तापोळा-बामणोलीच्या काठावर कुटुंबासह तंबूतला मुक्काम: सामान, जागा आणि रात्रीची तयारी

सातारा जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे शिवसागरच्या काठावर तंबू टाकून एक रात्र काढायची म्हटलं की घरात पहिली चर्चा बिबट्याची आणि सापाची होते. प्रत्यक्षात मुलांची रात्र बिघडवणाऱ्या गोष्टी तीनच असतात. खालून येणारा गारठा, वरून टपकणारं दहिवर आणि अंधार पडल्यावर उभा केलेला तंबू. पहिल्या दोन्हींची तरतूद उजेडातच करावी लागते. त्यामुळे सगळी आखणी एका वेळेवर बेतायची: दुपारी चारला जागेवर पोचायचं.

डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण कोयनेच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने ऊन अर्धा-पाऊण तास आधीच जातं. ऊन गेलं की अर्ध्या तासात स्वेटर लागतो. सांगलीहून निघणाऱ्यांनी हिशेब नीट करावा. साताऱ्यापर्यंत साधारण सव्वाशे किलोमीटर, पुढे यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीला सव्वा-दीड तास. वाटेत जेवण आणि मुलांची एक उलटी धरून सकाळी दहाला घर सोडलेलं बरं. पेट्रोल, औषधं, रोख पैसे हे साताऱ्यातच उरकावं, महाबळेश्वरमार्गे तापोळ्याला उतरणार असाल तर महाबळेश्वरात. खाली मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते, तेव्हा तंबूवाल्याचा रस्ता आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दगा देतो. मार्चनंतर गवत वाळून वणव्याची भीती असते आणि धरणाचं पाणी मागे सरकल्याने काठावर चिखलाचा पट्टा उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा घुमटी तंबू अक्षरशः उचलून नेतो, विजा पडतात त्या वेगळ्याच. कास पठारावरची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतात म्हणून त्याच फेरीत मुक्काम जोडायचा मोह होतो. लहान मुलं असतील तर फुलं पाहून घरी या, तंबू थंडीत.

कुठे टाकायचा, कुठे नाही

कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे तंबूचा विचारही नको. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या हद्दीतल्या वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीने, वनखात्याचा परवाना काढून दिवसाच जाऊन यायचं असतं, मुक्कामाला बंदी आहे. मुक्काम करायचा तो अलीकडच्या काठावर गावकऱ्यांच्या खाजगी जागेत. एकतर तयार कॅम्पवर, नाहीतर शेतमालकाला विचारून त्याच्या रानात. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रातल्या वाळूवर किंवा बेटावर कधीही नाही. दारं उघडली की पाणी बघता बघता चढतं, मग ते कोयनेचं पात्र असो की कृष्णेचं.

तयार कॅम्पवाल्याला फोनवर विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण उत्तरं नेमकी घ्या. किती माणसांमागे एक संडास? तिथे रात्री दिवा असतो का? तंबू दुहेरी कापडाचा, म्हणजे आतला तंबू आणि वर कव्हर असा, की नुसता एकेरी? गादीखाली काय घालता? लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का? आणि शनिवारी शेजारी स्पीकर लावणारा ग्रुप असतो का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही हो, आपलं फॅमिली वातावरण आहे’ असंच उत्तर मिळतं, त्यावर फार विसंबू नये. शनिवारऐवजी रविवारची रात्र घेतली आणि सोमवारी सुट्टी काढली तर शांतता हमखास.

शेतात टाकणार असाल तर भाताची खाचरं दिसायला उत्तम, पायरीसारखी सपाट. पण कापणीनंतर राहिलेली धसकटं तंबूच्या तळाला भोकं पाडतात. फावड्याने तेवढी दहा बाय दहा फूट जागा खरवडून घ्या. सगळ्यात खालचं खाचर घेऊ नका. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, तर धरणाचं पाणी साडेसहाशेच्या आसपास. रात्री वरची थंड, जड हवा उतारावरून घसरत येऊन तळाशी साचते. पाण्यापासून दोन-तीन खाचरं वर गेलात तरी फरक अंगाला कळतो आणि डासही कमी होतात. जागा ठरली की चटई न टाकता उताणं पडून बघा. डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला समजतो. उतार असलाच तर डोकी वरच्या बाजूला.

तंबू

‘चार माणसांचा’ म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. दोन मोठे आणि दोन मुलांना तो पुरतो, कारण मुलं अर्धी जागा घेतात, पण बॅगा गाडीत ठेवाव्या लागतात. आजी सोबत असेल तर सहा माणसांचा घ्या. तिला वाकून आत शिरणं जमणार नाही, तेव्हा दाराशी एक प्लॅस्टिकची खुर्चीही न्या.

तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या सुयांसारख्या असतात. भुसभुशीत मातीत त्या उपसतात, मुरुमात आणि जांभ्यात वाकतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ एमएमच्या सळईचे नऊ इंची तुकडे कापून घ्या, एक टोक आकड्यासारखं वाकवलेलं, दुसरं टोकदार. बारा पुरतात, चौदा न्या. सोबत अर्धा किलोची हातोडी. दगडाने ठोकायला गेलं की पहिलं बोट ठेचतं.

उभारायचा क्रम असा. आधी ताडपत्री (खाली पेंढा घालणार असाल तर तो तिच्याही आधी). ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी, जास्तीची असेल तर आत दुमडा. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर वरून ओघळणारं पाणी साठतं आणि थेट गादीखाली शिरतं. मग आतला तंबू पसरून सगळ्या चेन बंद करा. उघड्या चेननिशी खुंट्या ठोकल्या तर कापड वेडंवाकडं ताणलं जातं आणि रात्री दार अडकतं. वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे आधी ठोका. काठ्या जोडून खोबणीतून सरकवताना नेहमी ढकलायच्या, ओढायच्या नाहीत. ओढल्या की आतल्या इलॅस्टिकवरचे सांधे सुटतात आणि काठी कापडाच्या आत अडकून बसते. तंबू उभा राहिल्यावर उरलेले कोपरे, मग वरचं कव्हर. खुंटी तंबूपासून बाहेरच्या दिशेला झुकलेली आणि दोरी तिच्याशी साधारण काटकोनात हवी. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर अंधारात पहिलं मूल पाच मिनिटांत अडखळतं. हा सगळा प्रकार एकदा घरच्या गच्चीवर, खुंट्यांऐवजी विटा ठेवून करून बघावा. गहाळ काठी तिथे सापडलेली परवडते.

आता दहिवर. पहाटे आतल्या कापडावर हात फिरवला की ओला लागतो आणि लोक म्हणतात तंबू गळतो. बहुतेक वेळा तो गळत नसतो. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं आणि बाहेरून गार पडलेल्या कव्हरवर जमतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की हेच पाणी पांघरुणावर पडतं. म्हणून वरच्या दोन्ही झडपा थंडीतही उघड्या ठेवा, कव्हर ताठ ताणा, ते आतल्या कापडाला कुठेही टेकू देऊ नका. संध्याकाळी सैल झालेल्या दोऱ्या झोपण्याआधी पुन्हा एकदा ओढून घ्या, कारण दवाने नायलॉन ढिलं पडतं.

खालचा गारठा

पांघरुणं ढीगभर नेली तरी खाली काही नसेल तर उपयोग शून्य. हवेची गादी इथे फसवते. आतली हवा गार पडते आणि पाठीची ऊब ओढून घेते. शिवाय दुपारी भरलेली गादी पहाटे मऊ पडते. पंक्चर शोधत बसू नका, थंडीने हवा आकसलेली असते. अंधार पडल्यावर दोन फुंका भरा आणि गादीवर घोंगडं अंथरा.

सगळ्यात स्वस्त आणि उबदार अंथरूण म्हणजे भाताचा पेंढा. शेतमालकाकडे हा मिळतो. ओलसर नाही ना, गोचीड नाही ना हे उन्हात झाडून बघा. ताडपत्रीच्या खाली चार इंच जाड थर पसरा, वर तंबू. आत फोमची चटई, तिच्यावर घोंगडं, मग वाकळ. पांघरायला माणशी एक जाड ब्लँकेट आणि एक गोधडी. दिवसभराचे कपडे घामाने ओलसर असतात, ते बदलून कोरडे सुती कपडे, कोरडे मोजे आणि कानटोपी. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून मुलांच्या पायाशी ठेवा.

निखाऱ्यांची शेगडी मात्र तंबूत न्यायची नाही. विझत आली असली तरी नाही, पाच मिनिटांसाठी तर नाहीच. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गॅस आणि मच्छर अगरबत्तीचंही तेच, शिवाय कापड पेट घेतं ते वेगळं. डासांना क्रीम आणि बंद चेन पुरेशी.

चूल, पाणी, जेवण

पाच किलोचा सिलिंडर आणि वर बसणारा बर्नर. एका बर्नरला तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे एका रात्रीला सिलिंडर अर्धाही संपत नाही. वारा अडवायला तीन बाजूंनी विटा किंवा पत्रा लावा, पण सिलिंडर स्वतः मोकळ्यावर राहील असा. नाहीतर तो तापतो. पाणी चौघांना वीस लिटरचा एक जार पिण्या-स्वयंपाकाला, भांडी आणि हातपायांना वेगळं.

बेत साधा ठेवा. मसालेभाताला चौघांना दोन वाट्या तांदूळ, भाज्या घरूनच चिरून, मसाला पुडीत बांधून. कुकरच न्या. उंचावर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांवर, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात रेंगाळतो. पिठल्याला एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, भाकऱ्या गावातून सांगून घ्या. खर्डा घरून. दूध उकळून न्या, सकाळच्या चहाला लागतं. जेवण साडेसातला उरका आणि उरलेलं सगळं, बिस्किटांच्या पुड्यासकट, गाडीत. तंबूत खायचं ठेवलं की रात्री कुत्री आणि उंदीर, सकाळी वानरं.

शेकोटीसाठी जंगलातली फांदी तोडणं गुन्हा आहे. गावात मोळी मिळते. शेकोटी तंबूपासून निदान वीस फुटांवर, वारा जिकडे जातो त्या बाजूला, भोवतीचं गवत तीन हात खरवडून. नायलॉनवर एक ठिणगी पडली तरी भोक पडतं. झोपताना पाणी ओतून काठीने ढवळा, परत ओता. राखेवर तळहात धरून ऊब लागली तर तिसऱ्यांदा.

मुलं, पाणी आणि जनावरं

काठ सपाट दिसतो, पण पाण्याखाली धरणात गेलेल्या गावांचे बांध आणि झाडांची खोडं आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल गळ्यापर्यंत जाऊ शकतं आणि चिखल पाय धरून ठेवतो. पोहायला येतं म्हणून सूट नाही. बोटीत जॅकेट घातलेलं नव्हे, पट्टे आवळून बांधलेलं हवं. वर धरून ओढल्यावर हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मुलांच्या गळ्यात शिट्टी, हातात स्वतःची बॅटरी. रात्री लघवीला एकटं जायचं नाही, मोठ्यांनीही.

बूट तंबूच्या आत, पिशवीत. बाहेर राहिले तर सकाळी उलटे करून झटकून घाला. लाकडाच्या मोळीत, दगडांच्या बांधात हात घालू नका. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव फळीला बांधावा तसा स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ गाडीत घालून मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. म्हणूनच गाडी येतानाच तोंड रस्त्याकडे करून लावायची. गवा दिसला तर बॅटरी त्याच्या डोळ्यांवर न मारता मागे सरका, फोटो गाडीतून. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर खाली धूर करू नका, अत्तर-सेंटही नको.

सकाळी

ऊन काठावर यायला आठ वाजतात, त्याआधी आवरायची घाई व्यर्थ. वरचं कव्हर काढून दोरीवर किंवा गाडीवर उलटं वाळत टाका, तंबू आडवा करून तळ उन्हाकडे. तोवर चहा. निघायची वेळ झाली आणि कापड ओलंच असेल तर गुंडाळून न्या, पण घरी पोचल्या दिवशीच गॅलरीत पसरा. दोन दिवस ओला राहिला की बुरशीचा वास जात नाही आणि आतला पाणीरोधक थर सुटून चिकट होतो. पेंढा मालकाला परत, डायपर आणि प्लॅस्टिक घरच्या कचऱ्यात. खुंट्या मोजून पिशवीत भरा. चौदा नेल्या होत्या आणि तेरा निघाल्या तर शोधा, कारण राहिलेली सळई त्याच खाचरात चरणाऱ्या म्हशीच्या खुरात जाते.