ओपनएपीआय फाइलवरून डॉक्युमेंटेशन आपोआप काढायचं कसं

रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांच्या हापूसच्या ऑर्डरी घेणारी सिस्टीम तुम्ही बनवली आणि तिची एपीआय (दुसऱ्या अ‍ॅपने सिस्टीमशी बोलायची सोय) मुंबई-पुण्याच्या दुकानांच्या अ‍ॅपवाल्यांना द्यायचीय, तर डॉक्युमेंटेशन वर्डमध्ये टाइप करत बसू नका. कोड बदलतो, वर्डची फाइल तशीच राहते, मग ऐन सीझनात समोरचा डेव्हलपर जुनं वाचून फोनवर फोन करतो.

त्यापेक्षा सगळं एका ओपनएपीआय फाइलमध्ये लिहा, म्हणजे एपीआयला काय पाठवायचं नि काय परत येतं ते ठरलेल्या फॉरमॅटमध्ये मांडणारी फाइल. आधी या फॉरमॅटलाच स्वॅगर म्हणायचे, 2015 साली तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला, पण बोलताना लोक अजून स्वॅगरच म्हणतात. फाइल यॅमल या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहा, वाचायला बरं पडतं, फक्त इंडेंटला (ओळ आत सरकवायला) टॅब अजिबात नको, स्पेसच. वरती व्हर्जन, मग इन्फो, मग पाथ्स (एपीआयचे पत्ते), आणि परत परत लागणाऱ्या स्कीमा (डेटाचे साचे) कॉम्पोनंट्सखाली एकदाच लिहून रेफने, म्हणजे संदर्भ देऊन, जोडायच्या. व्हर्जन 3.1 घेतलंत तर 3.0 मधलं नलेबल (फील्ड रिकामं म्हणजे नल चालेल असं सांगणारं) चालत नाही, टाइपच्या यादीतच नल लिहायचं.

आता खरं काम. डॉक्युमेंटेशनचं पान बनवणारं टूल फक्त तुम्ही लिहिलेलं मांडून दाखवतं, डिस्क्रिप्शन रिकामं असेल तर पानही रिकामंच दिसणार. समजा ऑर्डरमध्ये क्वांटिटी नावाचं फील्ड आहे, टाइप इंटिजर, बास. वाचणाऱ्याने 5 म्हणजे 5 पेट्या समजायच्या की 5 डझन? पेटी 4 डझनाचीही असते नि 6 चीही, तिथे घोळ झाला तर माल चुकीचा जातो आणि पैशाचं भांडण बागायतदाराच्या दारात येतं. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये सरळ लिहा, 'पेट्यांची संख्या, एका पेटीत किती डझन ते वेगळ्या फील्डमध्ये', मिनिमम 1 टाका, आणि एक्झाम्पलमध्ये खरी वाटेल अशी ऑर्डर द्या, नुसतं स्ट्रिंग-स्ट्रिंग नको. एररचे रिस्पॉन्सही लिहा, लोक 200 चा (सगळं ठीक) लिहितात नि 400 चा (रिक्वेस्ट चुकली) सोडून देतात, आणि डेव्हलपर अडतो तो नेमका तिथेच.

मग नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल असेल तर टर्मिनलवर त्याच्यासोबत येणाऱ्या एनपीएक्स कमांडने रीडॉकली सीएलआय हे टूल चालवा, आधी लिंट ही तपासणीची कमांड, पुढे फाइलचं नाव, ती चुका लाइन नंबरसकट दाखवते. त्या निस्तरल्या की बिल्ड-डॉक्स, की एकच एचटीएमएल फाइल तयार, कुठल्याही होस्टिंगवर टाका. हेच दोन कमांड आणि तयार फाइल होस्टिंगवर टाकायची पायरी गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबवर कामं आपोआप चालवायची सोय) घातली की मेन ब्रँचवर पुश केल्यावर पान आपोआप नवीन होतं, आणि लिंट फेल झालं तर बिल्ड तिथेच थांबतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पानावरूनच रिक्वेस्ट मारून बघायची सोय हवी असेल तर तीच फाइल स्वॅगर यूआयला द्या, त्यात ट्राय इट आउट बटण असतं. पान आणि एपीआय वेगळ्या पत्त्यांवर असतील तर सर्व्हरवर कॉर्स (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला ब्राउझरमधून एपीआय वापरायची परवानगी) चालू लागेल, आणि सर्व्हर्सच्या यादीत टेस्टचा पत्ता पहिला ठेवा, कारण आपोआप पहिलाच निवडला जातो आणि तिथे लाइव्ह असेल तर टेस्टिंगची ऑर्डर थेट बागेत जाऊन पडते.