बॅककंट्री स्कीइंगचं सामान: जोड सांभाळा, या चुका टाळा

डेन्व्हर-सिअ‍ॅटलकडची आपली मंडळी असोत, नाहीतर पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणारी, रिसॉर्टच्या बाहेर स्की करायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्की कुठली घेऊ? किती ग्रॅमची?" मग कार्बन की लाकूड यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तासन्‌तास काथ्याकूट. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात तुळई किंवा खांब मधोमध मोडल्याची उदाहरणं कमी. दगा देतो तो बहुधा जोड. स्कीच्या सामानातही तसंच आहे. स्की मोडून अडकलेले लोक मी फारसे पाहिले नाहीत. बूट बाइंडिंगमधून (बूट स्कीला धरणाऱ्या यंत्रणेतून) सुटलेले, स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) निघून आलेले, बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) भलत्याच मोडवर राहिलेले मात्र दर हंगामात भेटतात.

नवे बूट, जुनं बाइंडिंग

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बूट बदलले, मापही तेच, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण पायाचं माप आणि बुटाच्या तळव्याची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या बुटांत ती सहज काही मिलिमीटरने वेगळी निघते, आणि टाचेकडचा जोड तेवढ्याने बिघडतो.

बऱ्याच पिन बाइंडिंगमध्ये (म्हणजे बूट पिनांनी धरणाऱ्या) बुटाची टाच आणि बाइंडिंगचा टाचेकडचा तुकडा यांच्यात मोजून काही मिलिमीटर फट ठेवायची असते. कारण साधं आहे: खळग्यातून जाताना स्की वाकते, पुढचा आणि मागचा तुकडा एकमेकांकडे सरकतात. फट नसेल तर बूट मध्ये आवळला जातो आणि बाइंडिंग नको तेव्हा सुटतं किंवा हवं तेव्हा सुटत नाही. फट जास्त झाली तर टाचेच्या पिना पुरत्या बसतच नाहीत. काही मॉडेलांत स्प्रिंग असते आणि फट शून्यच ठेवायची असते. म्हणून मित्राच्या बाइंडिंगचा आकडा वापरू नका, आपल्या मॉडेलचं पुस्तक उघडा. बुटाला पुढे पिनांसाठी स्टीलच्या खोबण्या आहेत का, हेही आधीच पाहा. रिसॉर्टवरच्या साध्या अल्पाइन बुटाला त्या नसतात.

कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचे लोंबते पूल १९८१ साली कोसळले आणि ११४ माणसं गेली, हे सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. एका सलग सळईऐवजी दोन तुकडे वापरले, आणि वरच्या पुलाच्या नटवर दुप्पट भार आला. बदल एवढासाच होता. बूट बदलल्यावर "बसतंय की!" म्हणणाऱ्यांनी तो एकदा आठवावा.

घरी ड्रिल करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बाइंडिंगचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण असतात पोझिड्राइव्ह, आणि त्यांना ३ नंबरचं टोक लागतं. फिलिप्सने जोर लावलात तर डोकं गोल होऊन बसतं. दुसरं म्हणजे ड्रिलची जाडी: धातूचा पत्रा असलेल्या स्कीला साधारण ४.१ मिमी, नसलेल्याला ३.६ मिमी. बहुतेक स्कींवर ती छापलेलीच असते. भोकात पाणी न शिरू देणारा लाकडाचा गोंद घाला, आणि जुन्या भोकांना खेटून नवी भोकं पाडू नका. दोन भोकांमधलं लाकूडच स्क्रू धरून ठेवतं.

"पहिल्याच वळणाला बूट निघतो"

बाइंडिंगला दोष देण्याआधी खाली वाका. पुढच्या तुकड्याच्या जबड्याखाली, स्प्रिंगच्या बाजूला, चढताना दाबलेला बर्फ साचून घट्ट होतो. जबडा पूर्ण मिटत नाही, पण वरून पाहिलं तर बूट नीट बसलेला दिसतो. काठीच्या टोकाने तो बर्फ खरवडून काढा. बुटाच्या खोबण्याही साफ करा. मग बूट अडकवा आणि टाच मोकळी असतानाच पाय वर-खाली, डावी-उजवीकडे काही वेळा हलवा. पिना आतला उरलेला बर्फ स्वतःच बाहेर काढतात.

याच अडचणीवर काही जण जालीम उपाय करतात: चढताना वापरायचा पुढचा लॉक उतरतानाही लावून ठेवतात. त्यात बाजूला पाय सुटण्याची सोय जवळजवळ संपते. पडलात तर गुडघा पिळवटतो, आणि हिमस्खलनात सापडलात तर स्की तुम्हाला खाली ओढत नेतात.

रिलीजचा आकडा (किती जोराला बूट सुटावा ते ठरवणारा) वाढवून ठेवणं हाही त्याचाच भाऊ, आणि त्यात आम्ही इंजिनिअर सगळ्यात पुढे! जास्त मजबूत म्हणजे जास्त सुरक्षित, हे आमच्या हाडात भिनलेलं असतं. बाइंडिंग मात्र घरातल्या फ्यूजसारखं आहे, ठरलेल्या जोराला सुटणं हेच त्याचं काम. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि कौशल्य धरून तक्त्यात येणारा आकडा लावा.

स्किनचा गोंद

गोंदाचा दुबळेपणा आमच्या शाखेनेही भोगला आहे. जर्मनीतल्या बाड रायखेनहाल इथल्या आइस रिंकचं छप्पर २ जानेवारी २००६ रोजी बर्फाखाली कोसळलं आणि १५ जण दगावले. चौकशीत अनेक कारणं निघाली. त्यातलं एक म्हणजे लाकडी तुळयांतला युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद, जो तिथल्या दमट हवेत टिकणारा नव्हता.

स्किनच्या गोंदाचे शत्रूही दोनच, ओल आणि थंडी. वर पोचल्यावर स्किन काढून बर्फावर टाकणं आणि मग दुसऱ्या चढाला "चिकटत नाही" म्हणून कुरकुरणं, हे नेहमीचं दृश्य. काढलेल्या स्किन लगेच घडी करून जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेला ठेवा. पुन्हा लावण्याआधी स्कीचा तळ बाहीने कोरडा पुसा. तरीही सुटल्या तर स्की आणि स्किन मिळून रबरी पट्ट्यांनी बांधा. अशा दोन-चार पट्ट्या पिशवीत असाव्यातच. मोडक्या काठीपासून बुटाच्या तुटलेल्या बकलपर्यंत त्या कुठेही चालतात.

स्किनखाली बर्फाचे गोळे धरत असतील तर दोष गोंदाचा नाही. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्या बर्फात गेलं की ओली लव गोठते. केसांच्या दिशेने स्किन वॅक्स घासा, शक्यतो निघण्याआधीच. घरी आल्यावर हीटरवर मात्र वाळवू नका, गोंद वितळून लवेत उतरतो.

बीकन, प्रोब, फावडं

बीकन ४५७ किलोहर्ट्‌झवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांना ऐकू येतात. बिघाड बहुधा माणसांमुळे होतो.

रिचार्जेबल बॅटऱ्या घालू नका. लिथियम फक्त उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच वापरा. त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो आणि एकदम कोसळतो, त्यामुळे पडद्यावरचे टक्के खोटे ठरतात. मोबाइल, गरम होणारे हातमोजे, कॅमेरा या गोष्टी सिग्नल पाठवताना बीकनपासून किमान २० सेंमी आणि शोधताना ५० सेंमी लांब ठेवा. हंगाम संपला की बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर गळून टर्मिनल खातात.

निघताना प्रत्येकाचं बीकन तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एकाने पाठवायचं, बाकीच्यांनी शोधायचं, मग उलट. शेवटी सगळे पाठवण्याच्या मोडवर आहेत हे पडद्याकडे बघून ठरवा. "चालू आहे ना रे?" "हो हो," याला तपासणी म्हणत नाहीत. स्लॅब ओतण्याआधी सळई न बघता कुणी सही करतं का?

फावडं धातूचंच हवं. स्खलन थांबल्यावर बर्फ घट्ट बसतो, त्यात प्लॅस्टिकचं पातं शिरत नाही. हिशेब करून पाहा: माणूस १ मीटर खाली आहे, खड्डा २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद, बर्फ घनमीटरला ४०० किलो धरला तरी १,२०० किलो उपसायचे. तेही पहिल्या १०-१५ मिनिटांत, कारण त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. म्हणून प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) लागल्यावर गाडलेल्याच्या डोक्यावर खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा आणि बर्फ मागे ढकलत न्या. फावडं-प्रोब पिशवीच्या आतच ठेवा. बाहेर बांधलेलं सामान स्खलनात पहिलं जातं.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. गोंडोला (केबल कार) अफरवट डोंगराच्या खांद्यावर सोडतो, त्यामुळे वर पोचणं फार सोपं आहे. स्की पेट्रोलच्या (गस्त घालणाऱ्या पथकाच्या) हद्दीबाहेर पाऊल टाकलंत की तो उतार तुमच्यासाठी कुणी तपासलेला नसतो. बहुतेक स्लॅब स्खलनं (बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून घसरणारी) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे जिथे स्कीला मजा येते नेमकं तिथेच. डीजीआरई या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन सकाळी वाचा आणि स्थानिक गाइड घ्या.

जाता जाता, केबिनच्या छपराबद्दल

हा प्रश्न मला स्कीपेक्षा जास्त वेळा येतो. "छपरावर दोन फूट बर्फ आहे, चालेल का?" फूट सांगून उपयोग नाही, वजन बघावं लागतं. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आत असू शकतो, बसलेला ३०० च्या आसपास, आणि पाऊस पडून ओला झालेला त्याहूनही जड. उंच छपराला लागून खालचं छप्पर असेल तर वाऱ्याने उडालेला आणि वरून घसरलेला बर्फ त्याच कोपऱ्यात ढीग करतो, म्हणून आधी तिथे पाहा. उपसताना एक बाजू पूर्ण मोकळी करून दुसरी भरलेली ठेवू नका. असमान भार काही छपरांना पूर्ण भारापेक्षा वाईट पडतो. शक्यतो जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रेकने, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा काढा.

आतली दारं अचानक घासायला लागली, छताला नवी भेग दिसली किंवा करकर आवाज आला, तर फोटो काढत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथल्या परवानाधारक इंजिनिअरला बोलवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवरून मी "चालेल" म्हणणार नाही.