मागचा क्रॉस मेंबर: नुसता पत्रा डागू नका

जांबोटी-चोर्ला घाटाच्या पावसात फिरणाऱ्या जीपच्या मागच्या क्रॉस मेंबरमध्ये, म्हणजे चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) मागच्या आडव्या दांड्यात, लाल चिखल अडकतो आणि पत्रा आतून सडतो. हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला की तिथे गंज. आधी बॅटरी सोडा, डिझेल टाकी उतरवा. माझ्या गॅरेजात याला सूट नाही. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. तडा असेल तर त्याच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो वेल्डिंगखालून पुढे सरकतो. मग तडा ग्राइंडरने खोल घासून 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरा. रॉड कोरडेच हवेत. आपल्याकडच्या दमट हवेत ते लगेच ओल धरतात. वरून जोडायच्या लोखंडी पट्टीची टोकं तिरकी कापा, सरळ कडेशीच चासी पुन्हा तुटते. तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका.