नामदेवांचं हिंदी पद कसं वाचायचं

आपल्या हिंगोलीकडच्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत, त्यातलं 'हिंदू अंन्हा तुरकू काणा' (हिंदू आंधळा, तुर्क म्हणजे मुसलमान एका डोळ्यानं आंधळा) हे हमखास व्हॉट्सॲपवर अर्धंच फिरतं. तसं वाचू नका. आधी अख्खं पद मोठ्यानं म्हणा, अर्थ नंतर, नांदेडला जाणं झालं तर गुरुद्वाऱ्यात कीर्तन पण ऐका. मग बघा की नामदेव बोलतायत कोणाशी, तर पांडेशी, म्हणजे आपल्याच पंडिताशी, आणि पहिल्याच कडव्यात म्हणतात की तुझी गायत्री (इथं गाईच्या रूपात) लोध्या शेतकऱ्याचं शेत खात होती, त्यानं काठीनं तिची तंगडी मोडली, मग महादेव, रामचंद्र, नामदेवांनी कोणालाच सोडलं नाही! तुर्काला नाव ठेवणारा शब्द एकच, काणा. हे लक्षात आलं की पद कोणाच्या विरोधात वापरताच येत नाही. शेवटी नामा म्हणतो, मी त्याला भजतो जिथं देऊळपण नाही अन् मशीदपण नाही.

हे झालं की पैठणच्या नाथांचा हिंदू-तुर्क संवाद घ्या, तो मात्र दोघांनी मिळून वाचायचा, जमलं तर शेजारच्या चाचांना बोलवा आणि हिंदूचा पार्ट त्यांना द्या.