पुन्हा तीच फर्माईश! कव्हर बँडने या चुका टाळा

दोन गाण्यांच्या मधे ड्रमर घाम पुसतोय, गिटारिस्ट तार जुळवतोय आणि मागच्या टेबलावरून हाक येते, ‘हॉटेल कॅलिफोर्निया!’ दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या आमच्यासारख्या कव्हर बँडचे चारही चेहरे एकदम पडतात. आपल्या ते लक्षात येत नाही, पण समोर बसलेल्याला लख्ख दिसतं. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे, एकही सूर लागण्याआधी होऊन गेलेली असते.

हे गाणं आपण दोनशे वेळा वाजवलेलं असतं. मागणाऱ्याने मात्र ते समोर बसून कदाचित कित्येक वर्षांत ऐकलेलं नसतं. कंटाळा आपला आहे, तो त्याच्या पदरात टाकू नये. एकदा आमच्या गायकाने माइकवरून ‘अरे, पुन्हा तेच?’ असं म्हटलं. फर्माईश करणाऱ्याबरोबर आलेली सहा माणसं पुढचं गाणं संपायच्या आत उठून गेली, आणि त्यानंतर रात्रभर कुणी काही मागितलं नाही. टाळ्याही जेमतेम आल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे: फर्माईश ऐकली की आधी मान डोलवायची आणि ‘छान गाणं आहे’ म्हणायचं. वाजवायचं की नाही ते नंतर ठरवू.

ओरडणारा प्रत्येक जण मागतच असतो असंही नाही. लिनर्ड स्किनर्डचं ‘फ्री बर्ड’ १९७३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं, नऊ मिनिटांहून लांब. १९७६ च्या लाइव्ह अल्बममध्ये गायक श्रोत्यांना विचारतो, कुठलं गाणं ऐकायचंय, आणि सगळा हॉल या गाण्याचं नाव घेऊन गर्जतो. पुढे कुठल्याही बँडसमोर हे नाव ओरडायची रीतच पडली. अशी हाक आली की हसून त्यातल्या दोन ओळी वाजवा आणि पुढे चला. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो ब्रेकमध्ये स्टेजजवळ येतो किंवा चिठ्ठी पाठवतो. त्याला उत्तर मिळालंच पाहिजे.

‘सोपं आहे रे, वाजवून टाकू’

ही चूक चांगले वादकच जास्त करतात. गाणं लहानपणापासून कानावर असतं, म्हणून ते हातातही असेल असं वाटतं. बॉन जोव्हीचं ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’ घ्या. शेवटचा कोरस तीन सेमीटोन (अर्धे सूर) वर चढतो, आणि चढण्याच्या आधीच्या आवर्तनात एक मात्रा कमी आहे. तालीम नसेल तर गिटार वर जाते, बास खालीच राहतो आणि ड्रमर एक मात्रा उशिरा पोचतो. सगळा हॉल ज्या क्षणाची वाट पाहत असतो, नेमका तोच फुटतो.

जर्नीच्या १९८१ च्या ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’मध्ये वेगळाच सापळा आहे. लोकांना जो कोरस गायचा असतो तो चार मिनिटांच्या गाण्यात पहिल्यांदा शेवटच्या मिनिटात येतो. वेळ वाचवायला गाणं मधेच आवरतं घेतलं तर श्रोत्याला हवं होतं तेच मिळत नाही. कापायचंच असेल तर आधीचा भाग कापा, शेवटाला हात लावू नका.

डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) तर प्रत्येक गिटारिस्ट पहिल्या महिन्यात शिकतो, आणि बरेच जण ती आयुष्यभर एकाच तारेवर वाजवतात. मूळ रिफ दोन तारांवर, चौथ्या सुराच्या (सा-म) अंतराने आहे आणि त्यांचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर त्या दोन्ही तारा बोटांनी एकदम छेडतो. श्रोत्याला यातलं काही सांगता येणार नाही, पण आवाज पातळ लागतोय हे त्याला जाणवतं. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांच्या गिटारी एकमेकींत गुंफलेल्या आहेत. बँडमध्ये एकच गिटार असेल तर दुसरी ओळ कीबोर्डला द्या. ती गाळलीत तर लोक सहा मिनिटं कशासाठी थांबले?

गन्स अँड रोझेसच्या ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये गिटारी अर्धा सूर खाली लावलेल्या आहेत. तुमच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते घेतलं की गायकाला अर्धा सूर वर ओढावं लागतं. हा निर्णय तालमीत घ्या, स्टेजवर नाही.

पट्टीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. तालमीत गायक ताजा असतो, तेव्हा वरचा सूर लागला म्हणून खूश होऊ नका. फर्माईश तिसऱ्या सेटमध्ये (दोन ब्रेकच्या मधल्या गाण्यांच्या फेरीत) येते, गळा थकल्यावर. म्हणून ही गाणी दोन तास गाऊन झाल्यावर घेऊन पाहा आणि तेव्हा जी पट्टी झेपेल ती कायम करा. दोन सूर खाली गायलेलं गाणं लोक आनंदाने बरोबर गातात. फाटलेला सूर मात्र आठवड्याने भेटले तरी त्यांच्या लक्षात असतो.

नकार देताना

काही गाणी नाकारणंच योग्य. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा ऑपेराचा भाग खुद्द क्वीनसुद्धा मैफलीत टेपवरून ऐकवत असे आणि त्या वेळी स्टेज सोडून आत जात असे. चार जणांच्या बँडला तो जमत नसेल तर त्यात कमीपणा कसला?

पण नुसतं ‘नाही’ म्हणून थांबू नका. सेटलिस्टच्या (त्या रात्रीच्या गाण्यांच्या यादीच्या) मागच्या बाजूला पर्यायांची यादी चिकटवून ठेवा. लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं, सुरुवातीला अगदी संथ. लोक नाचायला उठलेले असताना ते घेतलंत तर सगळे खाली बसतील. त्याच १९७१ च्या अल्बममधलं ‘रॉक अँड रोल’ चार मिनिटांच्या आत संपतं. ‘लेड झेपलिनच ऐकवतो’ एवढं म्हणून ते सुरू करा, मागणाऱ्याचा मान राहतो.

‘पुढच्या सेटमध्ये घेतो’ म्हणालात तर ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. दिलेला शब्द विसरणं हे नकारापेक्षा वाईट, कारण तो माणूस त्या एका गाण्यासाठी थांबलेला असतो. लांब गाणी शेवटून दुसऱ्या जागी ठेवावीत असं माझं मत आहे. शेवटची जागा तुमच्या सगळ्यात जमलेल्या गाण्यासाठी राखा.

फर्माईशींना उत्तर एकानेच द्यायचं, हेही आधी ठरवा. ड्रमर ‘हो’ म्हणून खुणावतो आणि गायक ‘नाही’ म्हणतो, हे फार ठिकाणी पाहिलंय.

कंटाळ्यावर उपाय म्हणून गाणं बदलणं

आपल्याला नवेपणा वाटावा म्हणून बँड ओळखीच्या गाण्याची चाल, ठेका, सगळंच बदलतात. श्रोत्याला अर्धं गाणं होईपर्यंत पत्ताच लागत नाही की हे त्याने मागितलेलंच आहे. सुरुवातीची रिफ, लय आणि सगळे मिळून गातात ती ओळ, या तीन गोष्टींना धक्का लावू नका. बाकी मोकळं रान आहे. सोलो दर वेळी नवा वाजवा, मधलं कडवं फक्त बास आणि ड्रम्सवर घ्या. मी स्वतः एकेका गाण्यात महिनाभर फक्त बासची ओळ ऐकत राहतो, आणि शेकडो वेळा वाजवलेल्या गाण्यात अजूनही काहीतरी सापडतं.

आणि इतकं करूनही गाणं मधेच मोडलं तर? थांबून माफी मागू नका. ड्रमरने ठेका सोडायचा नाही, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहायचं, गायकाने माइक लोकांकडे वळवून कोरस सुरू करायचा. शब्द त्यांना पाठ असतात. चार ओळी ते गातात, तेवढ्यात सगळे एका कॉर्डवर येतात.