छातीच्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

आधी जुने एक्स-रे शोधा. नुसता रिपोर्टचा कागद नको, मूळ फिल्म किंवा सीटीची सीडी हवी. आज दिसलेला डाग दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तेवढाच होता की नवा आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. जुनी फिल्म नसेल तर पुन्हा सीटी आणि काही महिन्यांची वाट पाहणं आलं. पूर्वी टीबीचे उपचार झाले असतील तर कोणत्या वर्षी, किती महिने, कोर्स पूर्ण झाला का, हे लिहून न्या. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण एक्स-रेवर बऱ्याचदा कायम राहतो आणि तो नवा आजार समजला जाऊ शकतो.

औषधांची नावं पाठ करू नका, रिकाम्या पाकिटांसकट सगळं पिशवीत भरा. दुकानातून परस्पर घेतलेली अँटिबायोटिक विशेष महत्त्वाची. लिवोफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूंवरही चालतात. चार दिवस बरं वाटतं, बेडक्याची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि निदान लांबतं. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट न्या, सिकलसेल असेल तर तेही सांगा. रक्ताचा हा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आढळतो, म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नये.

यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग घर आणि काम हा आहे. कोळसा खाण, मँगनीज खाण, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतलं राखेचं काम, दगड फोडणं किंवा घासणं: वीस वर्षांपूर्वी सोडलेलं कामही लिहा, कारण सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) काम सुटल्यावरही उघड होतो. चुलीचा धूर, गॅलरीतली कबुतरं, बिडी किती वर्षं, हेही लिहा. आणि कूलर! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी (फुफ्फुसाला सूज किंवा व्रण आणणारे आजार) नोंदणीत १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांहून अधिक जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या बुरशी-धुळीच्या अॅलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज, होती, आणि त्यात सर्वाधिक आढळलेला संपर्क एअर कूलरचा होता. ओल्या गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांवर बुरशी वाढते आणि पंखा ती थेट छातीत ढकलतो. म्हणून कूलर कधीपासून सुरू आहे, ताट्या कधी बदलल्या, टाकीतलं पाणी किती दिवसांनी बदलता आणि बाहेरगावी गेल्यावर खोकला कमी होतो का, हे नक्की सांगा. शक्य असेल तर ताट्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायलाच हवा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. एक नमुना सकाळी उठल्याबरोबरचा असावा. साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, मग खोलवरून खोकून किमान २ मिलिलीटर घट्ट बेडका डबीत घ्या. हे मोकळ्या हवेत करा, बंद खोलीत नाही. पातळ लाळ दिली तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

स्पायरोमेट्रीची (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) तारीख घेताना कोणता पंप (इनहेलर) किती तास बंद ठेवायचा हे विचारून घ्या. साधारणपणे साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल २४ तास, टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास थांबवतात. मध्येच दम लागला तर पंप लगेच घ्या, तपासणी पुढे ढकलता येते. अलीकडे हार्ट अटॅक, डोळ्याचं ऑपरेशन किंवा बेडक्यातून रक्त असं काही झालं असेल तर फुंकण्याआधी सांगा. टीबीची शंका असेल तर आधी बेडका, मग स्पायरोमेट्री. पोटभर जेवून जाऊ नका, कपडे सैल घाला. किमान तीन चांगल्या फुंका लागतात. पंप देऊन पुन्हा फुंकायचं असल्याने मध्ये १० ते १५ मिनिटं थांबावं लागतं, म्हणून दीड तास मोकळा ठेवा.

रिपोर्ट घेताना नुसतं निष्कर्षाचं पान घेऊन निघू नका, सगळ्या फुंकांचे आलेख मागा. फुंक अर्धवट सुटली होती की पूर्ण, हे आलेखावरूनच कळतं, आणि अर्धवट फुंकेवर बांधलेलं दम्याचं निदान वर्षानुवर्षं चुकीच्या औषधावर ठेवू शकतं.