गावरान अंडी घरच्या इनक्युबेटरमध्ये उबवताना

अंडी ७ दिवसांच्या आतली घ्या आणि धुऊ नका. धुतली की कवचावरचं संरक्षक आवरण जातं. मशीन आदल्या दिवशीच चालू करा. पंख्याच्या मशीनला तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस, आर्द्रता ५० ते ५५ टक्के. स्वस्त मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, अर्ध्या अंशाचा फरकही महागात पडतो. अंड्यांच्या उंचीवर वेगळा थर्मामीटर ठेवाच.

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. दिवसातून ३ किंवा ५ वेळा फिरवा, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात बोथट टोकाला टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला, की अंडं जिवंत. नुसतं पिवळं दिसणारं काढून टाका.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०. आता झाकण उघडायचं नाही. ओलावा गेला की आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू अडकतं. एकविसाव्या दिवसाच्या आसपास कवचाला चीर पडते. तिथून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तासही लागतात. कवच सोलू नका, रक्तस्राव होतो. पोटातल्या बलकावर पिल्लं दिवसभर सहज तगतात; पिसं वाळल्यावरच बाहेर काढा.

वीज गेली तर मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा.